शिरगावच्या खांबावर

माझ्या बहिणीचं आयुष्य ज्याला एका वाक्यात वाचवता आलं असतं आणि ज्याने ते वाक्य तोंडातून काढलं नाही, त्याच्याबद्दल हे लिहितो आहे. गावात त्याचं नाव अजून आदराने घेतात. त्याच्या शोकसभेत मीही चार बरे शब्द बोललो, कारण मी शाळामास्तर, आणि गावात कुणी गेलं की मास्तराने बोलायचं अशी पद्धत आहे. इथे ती पद्धत लागू नाही. समोरासमोर मी त्याला कायम ‘हवालदारानू’ म्हणून अहोजाहो केलं. इथे एकेरीत लिहिणार आहे. तेवढा हक्क मी स्वतःला देतो.

नाव दत्ताराम. लष्करात सिग्नलच्या तुकडीत हवालदार होता. टेलिफोनच्या तारा ओढायच्या, त्या जिवंत ठेवायच्या, आणि आपलीच माणसं त्यांवरून नको ते बोलत नाहीत ना यावर कान ठेवायचा, अशी त्याची कामं. यातल्या शेवटच्या कामाविषयी तो बोलत नसे. पेन्शन घेऊन गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या आमच्या चोपड्याला परत आला आणि टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागला. तेव्हा आमच्या बाजूला फोन म्हणजे मोजक्या घरांतली चैन होती. नदीपलीकडे शिवोलीला जाणारी फेरीबोट जिथे लागते त्या धक्क्याच्या वरच्या अंगाला त्याचं घर. नवरा-बायको दोघंच, मूलबाळ नाही. सायकलला शिडी बांधलेली, खांद्याला खाकी पिशवी, आणि पिशवीत त्याचा तो काळा चाचणीचा फोन. खांबावर चढायचं, फोनचे चिमटे तारेला लावायचे आणि लाइन चालते का ते ऐकायचं.

त्याच्याशी बोलणं म्हणजे डोक्याला ताप होता. तुम्ही काही, अगदी ‘उद्या या’ एवढं जरी सांगितलंत की तो ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवी. ‘‘म्हणजे फाल्यां चार वाजता, तुज्या घरा, शिडी घेवन. बरोबर?’’ तुम्ही ‘होय’ म्हणेपर्यंत हलायचा नाही. पोदेराकडून पांव घेतानाही हाच प्रकार. पोस्टकार्ड कधी लिहिलं नाही. उघडं कार्ड पाठवण्यापेक्षा धक्क्यावर उभं राहून ओरडावं, असं त्याचं मत. आंतर्देशीय पत्राच्या तिन्ही कडांना खात्याचा डिंक असतोच, त्यावर हा घरी भाताची खळ लावी. आलेलं पत्र वाचून झालं की चुलीत. बाजाराची यादीसुद्धा फाडून टाकी. ‘‘हवालदाराच्या घराक किती साबू लागता तां कळलां तर पाकिस्तान येतलो काय रे?’’ असं आम्ही त्याला चिडवत असू. तो चिडत नसे. ‘‘पाकिस्तान येवचो नाय. शेजारी येतलो,’’ म्हणे.

स्वतःच्या घरी त्याने फोन घेतला नाही. खात्याचा माणूस म्हणून सहज मिळाला असता. ‘‘तारेक दोन टोकां आसतत असां तुमका वाटता,’’ तो शाळेत फोन बसवायला आला होता तेव्हा मला म्हणाला, ‘‘पण मधे कोण तरी बसलेलो आसता. आज मी आसंय.’’ पुढे आमच्याकडे ऑटोमॅटिक एक्स्चेंज येणार म्हणून लोक खूश झाले. आता ऑपरेटर नाही, आता कुणी ऐकणार नाही. हा एकटाच तोंड पाडून बसला होता. ‘‘आयकणाऱ्या माणसाक निदान लज तरी आसता,’’ म्हणाला. ‘‘मशीनीक कसली लज?’’ तेव्हा मला हे म्हातारपणाचं बडबडणं वाटलं. आज माझ्या खिशातलं यंत्र मला काय काय विचारत असतं ते पाहून मधूनच तो आठवतो, आणि आठवला याचाच राग येतो.

स्वतःच्या लाजेसाठी त्याने एक उपाय काढला होता. खांबावर चिमटे लावले की तो मोठ्याने उलटे आकडे म्हणू लागे, तेही लष्करातल्या हिंदीत. सौ, निन्यानवे, अठानवे. लाइनवर कुणी बोलत असेल तर त्यांचे शब्द कानात रुजू नयेत म्हणून. गावात कुठेही काम चाललं असलं तरी तो आवाज ऐकू येई, आणि रस्त्याने जाणारे लोक त्याच्या सुरात सूर मिसळत. कुणी विचारलंच, तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं: ‘‘कानार पडलां तां आपलां न्हंय.’’

गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी, यावरून भाषेचं आंदोलन पेटलं तेव्हा या वाक्याची परीक्षा झाली. तेव्हाचं पेडणं ज्यांनी पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको. भावाभावांची तोंडं फिरली होती, लग्नाच्या पंगतींत लोक भाषा बघून पाट निवडत होते. मी मराठीचा मास्तर, साहजिकच मराठीच्या बाजूला. एका संध्याकाळी आम्ही पाच जण हवालदाराच्या सोप्यावर गेलो. आमच्यातले एक वजनदार गृहस्थ म्हणाले, ‘‘हवालदारानू, पलीकडचे लोक पणजेक कोणाक फोन करतत, काय ठरयतत, तेवढां आमका कळूक होयां. तुमी खांब्यार चढतास. तुमका सोपां आसा.’’

‘‘पलीकडचे म्हणजे कोण?’’

‘‘कोंकणीवाले.’’

‘‘आनी तुमी आता माज्याकडे खंयच्या भाशेत बोलतास?’’

 मी मान खाली घालून सोप्याची फरशी बघत होतो. मग तो उठला. ‘‘परवां तेय इल्ले, तुमचां आयकूक होयां म्हणान. तेंका नाय म्हटलां, तुमकाय नाय. आज मी तुमका तेंचां दिलां तर फाल्यां तेंका तुमचां दितलंय. तेच्यापरस दोगांनीय माका गाळी घालात.’’ लोकांनी त्याचं ऐकलं. दोन्ही बाजूंनी गाळी घातल्या. दोन दिवसांनी त्याच्या सायकलचे दोन्ही टायर कुणीतरी सुरीने फाडले. कुणी फाडले ते मला माहीत होतं. मी कुठे बोललो नाही. तो मात्र शिडी खांद्यावर घेऊन महिनाभर पायी फिरला, आणि मला मनातून तो फार मोठा वाटला.

असा माणूस. आता शिरगावचं सांगतो.

गोवा वेगळं राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी कुंदाचं, माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. वडील आधीच गेलेले, त्यामुळे ठरवणारा मी. स्थळ डिचोलीकडच्या शिरगावचं. घरचे दोन ट्रक खाणीवर चालणारे, मुलगा वास्कोला बंदरात नोकरीला, आठवड्याला घरी येणारा. माणसं गोड बोलणारी. मी शिरगावला जाऊन चौकशी केली. घर पाहिलं, देवळात चार लोकांना विचारलं, सगळे चांगलंच बोलले. वास्कोला गेलो नाही. एक दिवस मोडला असता, आणि परीक्षेचे पेपर तपासायचे होते. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेनंतर सही आणि लगेच लग्न, असं ठरलं. गोव्यात सरकारदरबारी सही झाली की झालं, नंतरचे मंत्र म्हणजे जेवणावळ.

कुंदा आठ महिन्यांनी परत आली. एका पेटीसकट, दुपारच्या फेरीने. वास्कोला त्याची दुसरी बाई होती. दुसरी कसली, पहिलीच. तीन वर्षांचा मुलगा होता. तिच्याशी सही झालेली नव्हती, म्हणून कायद्याने बायको माझी बहीण आणि संसार त्या बाईचा. शिरगावच्या घराला घरकाम करायला आणि लोकांना दाखवायला सून हवी होती, ती त्यांना मिळाली. विचारलं म्हणून कुंदाला मार बसला होता. हे तिने आईला सांगितलं, मला नाही. माझ्याशी ती पंधरा दिवस बोललीच नाही.

त्या पंधरवड्याच्या शेवटी, एका रविवारी सकाळी हवालदार आमच्याकडे आला. धुतलेला शर्ट, पायांत बूट. कदेल पुढे केली तरी बसला नाही. कुंदा दारात उभी होती, तिच्याकडे बघून म्हणाला, ‘‘माका म्हायत होतां.’’

मला आधी कळेचना. ‘‘काय म्हायत होतां?’’

‘‘तेंच्या घराचां. जत्रेच्या आधी डिचोलेचो लाइनमन आजारी होतो, माका शिरगावाक धाडलां. ट्रकान खांबो मोडल्लो. वयर चडलंय, चिमटे लायले. तोंडात खिळे होते, मोजूक गावलां नाय. दोन वाक्यां कानार पडलीं. येवच्या सुनेचां, चोपड्याच्या चेडवाचां बोलणां होतां.’’

‘‘सही जावच्या आधी?’’

‘‘बारा दिस आधी.’’

‘‘काय बोलले ते?’’

‘‘तां सांगूचंय नाय.’’

त्या क्षणी, त्या अवस्थेत, सगळं उघडं पडल्यानंतरसुद्धा तो ती दोन वाक्यं सांगायला तयार नव्हता. मी आयुष्यात कुणावर हात उगारलेला नाही. त्या दिवशी त्याचा शर्ट धरला. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तुझ्या तत्त्वाला जाळ, म्हटलं. खांबावरचा देव समजतोस का स्वतःला, म्हटलं. अहोजाहो फक्त त्या दिवशी सुटलं होतं. तो हात खाली सोडून उभा राहिला. शेवटी कुंदाच बोलली. पंधरा दिवसांत माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य.

‘‘दादा, तू गेल्लंस वास्कोक इचारूक?’’

मी शर्ट सोडला.

मग तिने त्याला विचारलं, ‘‘तुमचां चेडू आसतां तर?’’ तो सोप्याच्या पायरीवर बसला आणि एक जुनी गोष्ट सांगितली, आमच्याकडे न बघता. सरहद्दीवर असताना त्याची ड्यूटी आपल्याच लोकांच्या लाइनी ऐकण्याची होती. बेळगावकडचा एक कोवळा शिपाई एका ऑपरेटर मित्राच्या ओळखीने घरी फोन करत असे. एकदा आईला म्हणाला, गुरुवारी आम्ही इथून हलणार, काळजी करू नको. हवालदाराने ते वर कळवलं. नियमच होता. त्या पोराला कोठडीत टाकलं, मग नोकरीवरून काढून घरी पाठवलं. तो घरी पोचलाच नाही. बाप विचारत छावणीपर्यंत आला होता, धोतराच्या सोग्याने डोळे पुसत. ‘‘आयकलां तां सांगलंय, तेवां एक पोर गेलां,’’ हवालदार म्हणाला. ‘‘तेवां ठरयलंय, परत कदी सांगूचंय नाय.’’

‘‘तेवां चूक माणसाक सांगलास,’’ कुंदा म्हणाली, ‘‘आनी आता बरोबर माणसाक सांगलास नाय.’’ आणि आत निघून गेली. इतकी वर्षं मी मुलांना भाषा शिकवली, पण या प्रकरणावर याहून नेमकं मला काही सुचलेलं नाही.

तीन-चार वर्षं गेली. कोर्टात तारखा पडत राहिल्या. हवालदार खात्यातूनही निवृत्त झाला. गावोगाव एसटीडी बूथ निघत होते आणि माजी सैनिकांना ते लवकर मिळत. ज्याने स्वतःच्या घरात फोन येऊ दिला नाही, त्याने धक्क्याजवळ बूथ मागून घेतला, आणि आमच्या दारात येऊन कुंदाला विचारलं, ‘‘चलवशी?’’

‘‘माका कान आसत, हवालदारानू,’’ ती म्हणाली.

‘‘सगळ्यांकच आसतत.’’

मी नको म्हणत होतो. तिने घेतला. सरकारी ऑफिसात नोकरी नाही, नवऱ्याच्या घरून काही नाही, आणि भावाच्या घरात बसून खायचं तिला जड जात होतं. हवालदाराने केबिन स्वतः ठोकली. आतून जाड कापड, दाराच्या कडेला ट्रकच्या ट्यूबचं रबर, काचेवर पडदा. बाहेर रेडिओ ठेवला आणि गिऱ्हाईक आत गेलं की तो मोठा करायचा, असा हुकूम दिला. पण आमच्या लोकांना मुंबईला फोन लागला की मुंबईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायची सवय. रबर काय करणार आणि रेडिओ काय करणार. कुंदाला सगळ्या गावाची सुखदुःखं पाठ झाली. तीन वर्षं तिने तोंड उघडलं नाही. बूथ चांगला चालला. ती पुन्हा हसायला लागली होती, हेही सांगायला पाहिजे.

मग एका दुपारी लग्नं जमवणारा एक गृहस्थ केबिनमध्ये शिरला. आमच्या वाड्यावरच्याच एका मुलीचं त्याने जमवलं होतं, आठवड्याने सही होती. तो मुलाच्या घरच्यांशी बोलत होता, अर्थात ओरडून. ‘‘पयली बायल मार खावन पळाली तां हांगा कोणाक म्हायत नाय. तुमी गप रावात. सही जाव दी.’’

गृहस्थ बाहेर पडला. कुंदाने बूथला कुलूप घातलं, भर दुपारी मुलीच्या घरी गेली आणि तिच्या आईला शब्द न् शब्द सांगितला. लग्न मोडलं.

दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ धक्क्यावर उभा राहून बोंबलला. फोनवर बोललेलं ही बाई घरोघर वाटते, म्हणाला. खोटं नव्हतंच ते. महिन्याभरात गिऱ्हाईक अर्ध्यावर आलं, मग आणखी कमी. लोक तोंडावर कुंदाला शाबासकी देत आणि फोन करायला फेरीत बसून शिवोलीला जात. त्यांत एक दिवस मी त्या मुलीच्या आईलाही पाहिलं, जिची पोर कुंदाने वाचवली होती. माझी नजर चुकवून ती फेरीच्या कठड्याकडे तोंड करून उभी राहिली.

हवालदार आला तेव्हा मी बूथवरच होतो. मला वाटलं, आता हा कुलूप लावणार. बूथ त्याच्या नावावर होता. त्याने कुंदाला विचारलं, ‘‘काय आयकल्लंस?’’ जन्मात पहिल्यांदा तो कुणाला हे विचारत असावा.

‘‘तुमका कित्याक सांगू?’’ ती म्हणाली. ‘‘जेका सांगूक होयां, तेका सांगलंय.’’

त्याने कुलूप लावलं नाही. जाताना दाराचं सुटलेलं रबर अंगठ्याने दाबून नीट बसवलं, सवयीने. बूथ तसाच पुढे वर्षभर रखडला आणि मग बंद पडला. तो बंद पडायच्या आधीच हवालदार गेला.

मला त्याला माफ करता आलेलं नाही. कुंदाने केलं की नाही ते मला माहीत नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, ‘‘तुका कित्याक होयां?’’ पण तो जाण्याच्या दोन महिने आधीची एक दुपार सांगतो आणि थांबतो, कारण ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

फेरी पलीकडच्या काठाला होती. मी धक्क्यावर उभा होतो, बूथ माझ्यापासून वीस पावलांवर. हवालदार आला. सायकल टेकवली, खिशातून घड्या पडून मऊ झालेला एक कागद काढला. स्वतःच्या हाताने रेडिओ बंद केला. केबिनमध्ये गेला आणि दार ओढून घेतलं नाही. सताड उघडं ठेवलं. पडदा बाजूला सारला. भिंतीकडे नाही, कुंदाकडे तोंड करून उभा राहिला आणि नंबर फिरवला. ज्याने बाजाराची यादी कुणाला दिसू दिली नाही, तो उघड्या दारात उभा राहून कुणाशी तरी बोलत होता. मोकळा हात लष्करी शिस्तीत पाटलोणीच्या शिवणीला लावलेला, मान ताठ. शब्द माझ्यापर्यंत येत नव्हते, आणि फोन कुणाला होता ते मला आजही माहीत नाही. एवढं कळत होतं, की तो जे बोलतो आहे ते तिने ऐकावं म्हणून बोलतो आहे.

कुंदा तिच्या कदेलीवर बसली होती. नजर त्याच्यावरच होती, पण तिचेही ओठ हलत होते. मी चार पावलं पुढे गेलो तेव्हा तिचा आवाज ऐकू आला. मोठ्याने, सावकाश, एक आकडा न चुकता ती म्हणत होती, ‘‘सत्तावन, छप्पन, पचपन…’’

हवालदाराने फोन ठेवला. कागदाचे तुकडे केले आणि खिशात घातले. ती शून्यापर्यंत पोचेस्तोवर तो केबिनच्या दारात उभा राहिला, आणि मग सायकल हातात धरून पायीच घरी गेला.